एडविन उठला नाही

रविवार, १३ जुलै

एडविन गेला. मैदानातच.

दोनचा खेळ, जुन्या लढाईची नक्कल. आम्ही अठरा रोमन शिपाई, समोर सात ब्रिटन टोळीवाले, त्यांचा सरदार नेहमीसारखा एडविन. वीस वर्षं मीच त्याला मारतोय — ढालीचा धक्का, बोथट तलवार पोटाशी, की तो आडवा. पडता पडता पुटपुटला, "नेविल, हळू रे लेका!" दर वेळी म्हणतो. मी हसलो. ठरल्याप्रमाणे त्याच्या छातीवर पाय ठेवला. कुणाला तरी फोटो हवा होता, म्हणून जरा जास्तच वेळ ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मग डंकन, आमचा सेनापती, ओरडला, "चला, मेलेल्यांनो, उठा!"

सहाच उठले.

सोमवार, १४ जुलै

चिलखत घासलं. गंज नव्हता. तरी घासलं.

बुधवार, १६ जुलै

डंकनचा फोन. "हृदय बंद पडलं, नेविल. तुझा काय संबंध त्यात?" मी बरं म्हटलं. तोवर अंड्याच्या भांड्यातलं पाणी आटून गेलं होतं.

रडू येत नाही. काहीच येत नाही. माझ्या पायाखाली त्याची छाती हलत होती का? आठवत नाही.

रविवार, २० जुलै

आजचा खेळ एडविनच्या आठवणीत. सरदार व्हायला कुणी तयार होईना. मी झालो. ब्रिटनांसारखा तोंडाला निळा रंग फासला, मेलो, गवतात पडून राहिलो. दोरीपलीकडून एक बाई मुलीला समजावत होती, "अगं, खोटं आहे ते. बघ, श्वास घेतोय."

बरं वाटलं नाही. वाईटही नाही.

मंगळवार, २९ जुलै

एडविनला पुरलं. त्याची बायको म्युरिअल सगळ्यांना सँडविच वाढत होती. मला म्हणाली, "खा रे, किती वाळलास!" तिच्याकडे बघवेना. मागच्या दाराने निघून आलो.

शुक्रवार, १ ऑगस्ट

म्युरिअल आली होती. आत यायला तयार नाही, दारातच उभी.

"डॉक्टरांनी मार्चमध्येच त्याला खेळायला बंदी घातली होती. मला म्हणाला, नेविलला बोललीस तर याद राख — मग तो मला मारणारच नाही." मग म्हणाली, "मी सांगायला हवं होतं ना रे तुला?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोललो.