पहिल्या आंघोळीचं उटणं

कवठे येमाई,
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. राजनंदिनीवहिनीला नमस्कार, छोटीला गोड पापा.

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुमच्या लग्नावरून आबा बोलले, तर त्यांच्यावर रूस, माझ्यावर कशाला? इकडे कांदा बरा आहे. बिबट्याने शेजारचं कुत्रं नेल्यापासून अंधार पडला की कुणी रानात जात नाही. माझी रांजणगावची शिफ्ट चालूच आहे.

आबांना किडनीचा कॅन्सर आहे, हे कानावर आलं असेलच. हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मग पुण्यात नेमका गाठीवरच किरणांचा शेक द्यायचं ठरलं. त्यासाठी पोटावर, बरगडीवर शाईच्या खुणा केल्या आणि पुसू नका म्हणून बजावलं. तेवढ्यात दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला आईने आबांना उटण्याने असं घासलं की एक खूण उरली नाही! वर मलाच म्हणते, "सणासुदीचं अंगावर रेघोट्या बऱ्या दिसत्यात व्हय?" पुन्हा मापं घ्यावी लागली, शेक आठवडाभर पुढे गेला. पण सगळे शेक नीट पार पडले. किडनीतली गाठ वाढायची थांबली आहे.

इथेच पत्र संपवावं असं वाटतंय.

कॅन्सर फुफ्फुसात गेलाय रे दादा. परवाच कळलं. डॉक्टर म्हणाले, ते आधीपासूनच असणार, आंघोळीचा काही संबंध नाही. पण त्या आठवड्यातच तो वर सरकला, हे आईच्या डोक्यातून जात नाही. ती आबांना हात लावत नाही. भाकरी करते, पण ताट माझ्याकडून पाठवते. काल आबाच म्हणाले, "अगं, मीच म्हनलो व्हतो घास म्हनून. तुझा काय दोस?"

"माझ्यासाठी खोटं बोलू नगा," म्हणाली आणि बाहेर गेली. आबा भिंतीकडे तोंड करून रडले. मला फार भीती वाटली.

आबा तुझ्याशी गोड बोलतील, असं मी लिहिणार नाही. तू आईसाठी ये. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत आहेस, म्हणजे तुला औषधातलं सगळं कळतं अशी तिची समजूत आहे. तू खोकी भरतोस, हे मी तिला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांचं तिला पटत नाही, तुझं पटेल. आबा आहेत तोवर तिने त्यांच्या जवळ बसावं, एवढंच मला हवंय.

येताना कंपनीचा ड्रेस घालून ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
सारिका