सुमनचा डबा

जालना, वसुबारस, १९९४

सुमनचा डबा आजही परत द्यायचा राहिला. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू भरून तिनं आणलेला.

थकले. बियाणे कंपनीत मी अर्धवेळ कारकून, पण सगळ्यांच्या बोनसचा हिशेब माझ्याकडंच. यंदा साहेबांशी भांडून माझी बाळंतपणाची रजा बोनसच्या हजेरीत धरायला लावली. कायदाच आहे तसा. मंग तीन वर्षांपूर्वी सुमनच्या रजेपुढं शून्य कुणी लिहिलं? तीही माझ्यासारखी अर्ध्याच दिवसाची कामगार, बी निवडणारी. मीच लिहिलं. कायदा तेव्हाही होता, मी उघडून पाहिला न्हाई.

दुपारी तिनं विचारलं, "ताई, माझ्या टायमाला न्हाई धरली का हो रजा?"

"नियम यंदाच निघाला," म्हणाले मी.

"चला, तुमचं तरी बराबर झालं," म्हणत ती हसली.

डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात. काय घालू त्यात?