भिंगरीचं वाचनालय

प्रिय छकुली,

तिशी ओलांडलीस, नव्या गावात दवाखान्याची नोकरी धरलीस, एका मुलीची आई आहेस, तरी मी तुला छकुलीच म्हणणार. राग आला तर येऊन भांड. तुझी भिंगरी मजेत आहे. तुझं तिथे बस्तान बसेपर्यंत म्हणून इथे आली तेव्हा कोपऱ्यात बसून मुळूमुळू रडत होती, आता घर डोक्यावर घेते. पुढचे दात पडून खिडकी झाली आहे. तिच्यासाठी मी अभ्यासाचं टेबल करायला घेतलंय. रंधा मारून झाला, पाय जोडायचे बाकी आहेत. तिला न्यायला कधी येऊ, असं तू पुन्हा विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी लिहितो, आधी बाकीचं ऐक.

खरी बातमी आहे बाजारामागच्या वाचनालयाची. तिला तिथे नेलं ते निव्वळ स्वार्थापोटी. दुपारी मला डुलकी काढायची असते आणि तिथले पंखे चांगले आहेत. वाचनालयाच्या बाईंनी तिचं कार्ड करून दिलं, तेव्हापासून ते उशाखाली घेऊन झोपते. पहिल्याच दिवशी तिने बाथटबात अडकलेल्या हत्तीचं पुस्तक आणलं आणि त्या हत्तीने माझा अगदी जीव नकोसा करून सोडला. जेवताना हत्ती, झोपताना हत्ती. नाकात फेस जाऊन तो शिंकतो, त्या पानावर ही इतकी हसायची की शेजारीण भिंतीवर थापा मारायची.

परत करायचा दिवस आला आणि आमच्या बाईसाहेबांनी पुस्तक गादीखाली दडवलं. नुसती रडारड. मी तर पार विरघळलो. म्हटलं, हरवलं म्हणून सांगू, त्यांना दुसरं आणून देऊ. हसू नकोस, तुझ्या वेळचा कडक बाप आता राहिला नाही. पण त्या पुस्तकासाठी एक मुलगा सारखा विचारायला येतो, असं बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं आणि ते तिच्या मनात घोळत होतं. शेवटी नाक पुसत तीच निघाली. एवढंसं तोंड करून तिने पुस्तक परत दिलं. तो मुलगा तिथेच होता. त्याने ते उचललं आणि जमिनीवर फतकल मारून वाचायलाच बसला. आमची स्वारी दारात थबकली. थोड्या वेळाने हत्ती शिंकला आणि पोरगं खो खो हसत सुटलं. तिने माझा हात असा काही ओढला की खांदा निखळायचाच बाकी होता. आजोबा, तोपण त्याच पानावर हसला! घरी येईपर्यंत तेच चालू होतं. पुस्तक गेल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

आता घरातच तिचं वाचनालय आहे. चष्मा, रेडिओ, टोपी, सगळं तिच्या ताब्यात. एरवी मला अरे-तुरे करते, पण पाट उभा करून त्यामागे वाचनालयाची बाई होऊन बसली की अहो-जाहो. माझाच चष्मा मला संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर मिळतो. परवा मी थट्टेने म्हटलं, बाई, मला ही भिंगरीच द्या, कायमची. तिने माझा चष्मा नाकावर सारखा केला आणि गंभीरपणे सांगितलं, अहो आजोबा, कायमचं कुणालाच देत नाहीत, आणि हिची तर आई वाट बघतेय.

मी उठून बाहेर गेलो. डोळ्यात भुस्सा गेला, असं तिला सांगितलं.

छकुली, तू विचारलंस की मी दर वेळी काहीतरी काढत होतो. कधी तिचा खोकला, कधी तिचे दात. खोकला केव्हाच गेला होता. मला ती हवी होती गं. इथल्याच शाळेत घालावी, असं घर भरलेलं राहावं, असं वाटायचं. ते टेबलही मी भिंतीला पक्कं ठोकणार होतो. आता येत्या रविवारी ये आणि तुझी लेक घेऊन जा. टेबलाला नट-बोल्टचे सुटे पाय लावतोय, म्हणजे गाडीत मावेल. तिचं कार्ड मात्र इथेच राहू दे. परत केलेलं पुस्तक पुन्हा नेता येतं, हेही तिनेच मला शिकवलंय. सुट्टी लागू दे, रांगेत पहिला मी असेन.

तुझाच,
बाबा