कुरतडलेली साल

कॅनोरा, सास्काचेवान
२३ मार्च

प्रिय डार्काताई,

"घर तुझं, आवार तुझं, मला फक्त दरवर्षी बर्फ पडायच्या आत बाबांच्या सफरचंदाच्या खोडाला सशांपासून जाळी लागलेली हवी." अकरा वर्षांपूर्वी गाडीत बसताना तू एवढंच म्हणालीस आणि काच वर केलीस. आज सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तू बरी असशील. तुमच्याकडे समुद्राकाठी एव्हाना गवत कापायलाही आलं असेल. इथे घराच्या उत्तरेला अजून कमरेइतका बर्फ आहे. दक्षिणेकडचं गवत उघडं पडलंय, पण चपटं, वर करड्या बुरशीचे गोल. देवदाराच्या कुंपणावरचं गोणपाट काढलेलं नाही. मार्चचं ऊन त्याला कसं जाळतं ते तुला माहीतच आहे. आईचं लायलॅकचं झुडूप ठीक आहे. ईस्टरचा पाव या वर्षी एकच भाजीन. खायला आहे कोण?

सफरचंदाची साल सशांनी खाल्ली.

गुडघ्याच्या वर, वीतभर रुंद पट्टा, खोडाच्या चारी बाजूंनी. आतलं लाकूड पांढरं पडलंय आणि त्यावर दातांच्या बारीक रेघा आहेत. शेजारचे वासिलकाका काठी टेकत बघायला आले. "पोरी, ख्रिसमसची पंगतच वाढलीस की सशांना," म्हणाले. मग वाकून त्यांनी खोडाभोवती बोट फिरवलं. बोट सालीला कुठेच न लागता परत पहिल्या जागी आलं, तशी त्यांची थट्टा थांबली. साल अशी पूर्ण गोल गेली की झाड मरतं.

"मेमध्ये फुलेल हं हे," ते म्हणाले. "झाडाला अजून कळलेलं नाही."

ताई, ते वाक्य ऐकून मला आधी काय सुचलं ते सांगते. दर मे महिन्यात मी तुला फुललेल्या झाडाचा फोटो पाठवते आणि तू उत्तरात फक्त 'बाबा' एवढंच लिहितेस. एरवी वर्षभरात आपलं तेवढंच बोलणं. म्हटलं, यंदाही फोटो पाठवावा. ऑगस्टमध्ये पानं गळली की पाऊस कमी झाला म्हणावं. तू विश्वास ठेवला असतास. दोन दिवस माझं तसंच ठरलं होतं.

या पत्राचं पहिलं पान मी फाडून टाकलं. त्यावर 'जाळी लावायची राहून गेली' असं लिहिलं होतं. राहून गेली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये, आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चार दिवस होते तेव्हा, मी जाळीची गुंडाळी काखेत धरून झाडापाशीच उभी होते. तेवढ्यात तुझा फोन आला. यायला जमत नाही म्हणालीस. वर म्हणालीस, "तू आहेस ना तिथे." तू कदाचित विश्वासानं म्हणाली असशील. मला मात्र त्यात आईचे सुजलेले पाय चोळणं ऐकू आलं, तिच्यासाठी रोज पहाटे दारापासून रस्त्यापर्यंत उपसलेला बर्फ ऐकू आला. मी फक्त "बरं" म्हटलं. फोन ठेवला, शेडमध्ये गेले आणि जाळी खिळ्याला परत अडकवली.

एवढंच असतं तर रागाच्या भरात झालं म्हणता आलं असतं. पण जानेवारीत एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी झाडापाशी सशाला पाहिलं. पांढरा, मागच्या पायांवर उभा. मी काचेवर नुसती टिचकी मारली असती तरी पळाला असता. मी चहा संपेपर्यंत तशीच उभी राहिले. मनात आलं ते हे: खा, ताईचंच आहे. बाबांची आठवणसुद्धा झाली नाही.

परवा त्याच झाडाच्या बारा कोवळ्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि फ्रिजमध्ये बिटांशेजारी ठेवल्या. जखमेच्या खाली एक टोक आणि वर दुसरं, अशा त्या सालीत बसवल्या तर रस वर चढू शकतो, झाड जगू शकतं. वासिलकाकांचे हात थरथरतात. मला असं कलम करता येत नाही. बाबांनी हे तुला शिकवलं, मला नाही. त्याचाही मी कधीकाळी राग धरला होता, तेही आज सांगून टाकते.

मेच्या मध्यावर साल लाकडापासून सुटू लागली की या कलमाला जेमतेम आठवडा मिळतो. तू ये. माझ्याशी बोलू नकोस, मी तेवढे दिवस वासिलकाकांच्या घरी राहीन. तुला माझं तोंड दिसायला नको असेल तर दिसणार नाही. तू नाहीच म्हणशील, आणि तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी विचारते, येशील का?

माफी मागायचं धाडस नसलेली, तुझी धाकटी,
ओरिसिया