वरची चार भोकं दादाला

आणि दादा अजूनही म्हणतो की कपाट प्रितेशच्या हातचं होतं म्हणून पडलं. परवा फुलपाड्याला एका साखरपुड्यात पण तेच सांगत होता म्हणे, जिलेबी खाता खाता. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

मी, प्रितेश रामनाथ घरत, वय सत्तावीस, राहणार गास, हल्ली मुक्काम सोहार, ओमान, धंदा स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये भिंतीवरची कपाटं बसवणे. आठवी नापास असलो तरी डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही. मागे उभं राहून कोणी सांगत नाही. रायन उभा आहे, पण तो नुसता हसतोय. काल कंपनीने वारसाचा फॉर्म भरायला दिला. रांगेतल्या सगळ्यांनी भावाचं नाव लिहिलं. माझा पेन तिथेच अडला.

कलम १. गासच्या घरातला माझा जो काही हिस्सा, तो माझी आई हंसा रामनाथ घरत हिला. तिच्या पश्चात माझी बहीण तेजस्वी हिला. माझा मोठा भाऊ कल्पेश, म्हणजे दादा, याला त्यातली वीटसुद्धा नाही. अपवाद कलम ३ मध्ये.

कलम २. ड्रिल मशीन आणि लेव्हल बॉटल रायनला. तो भुईगावचा, माझ्याबरोबर इथे तेच काम करतो. त्याची भिंत सरळ असते, कपाट वाकडं असतं. बॉटल त्याला उपयोगी पडेल.

कलम ३. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतली वरची चार भोकं दादाला, वंशपरंपरेने.

ही भोकं कुठून आली ते सांगणं भाग आहे. ओट्याच्या वर दोन फूट सोडून कपाट लावायचं, असा आमच्या कामात रिवाज. पण आई बुटकी. मी टेप काढला तर म्हणाली, "ठेव तो टेप खिशान. माजा हात पोचंल तिथं लाव. कपाट माज्यासाठी का तुज्या टेपासाठी?" भाकरी थापत होती, तशीच उठली, हात वर केला आणि पिठाचं बोट भिंतीला टेकवलं. त्या खुणेवर मी कपाटाची खालची कड धरली. चार भोकं, चार इंची स्क्रू, पार विटेत. त्याला लोंबकळलो तरी हललं नसतं. लोंबकळून बघितलं होतं.

मग दादाचं लग्न झालं. दीपिका वहिनी उंच. कपाळाला कपाट लागायचं, हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. वहिनी, एकदा मला बोलला असतात तर काहीतरी केलं असतं. कोपऱ्याला लावायच्या रबरी टोप्यांचं एक पाकीट माझ्या पेटीत आहे. ते तुम्हाला.

मी फुलपाड्याला कामावर असताना दादाने स्वतःच कपाट उतरवलं, वर नवी चार भोकं पाडली आणि नऊ इंच वर चढवलं. माझ्याच पेटीतले दीड इंची स्क्रू घेतले. ते दाराच्या बिजागरीचे. नुसत्या गिलाव्यात बसले. दोन दिवसांनी लोणच्याच्या बरण्यांसकट सगळं आईच्या डाव्या हातावर आलं. दोन बोटं आजही वळत नाहीत.

मी पाच दिवस आईजवळ हॉस्पिटलात. तेवढ्यात दादाने दुसरा फिटर आणून, आपल्या भोकांच्या जरा खाली नवी पाडून घेऊन कपाट पुन्हा वरच लटकवलं. भोकं सगळी पाठीमागे झाकली गेली. भेटायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाला, "प्रितेशच्या हातचं काम, दुसरं काय होणार?" मी घरी येऊन टेप लावला, नऊ इंच दाखवले. तर म्हणतो, "टेप काय, टेप तुझाच."

आईला विचारलं, "आई, तू सांग ना." आई म्हणाली, "जेवून घे." तिला त्याच घरात राहायचं आहे. तिच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण तो मृत्युपत्रात येत नाही.

फुलपाड्याच्या बिल्डिंगमधल्या अकरा बाथरूमची कपाटं माझ्या हातातून गेली. गासपासून भुईगावपर्यंत मला कोणी साधा आरसा लावायला बोलावेना. म्हणून मी इथे.

कलम ४. त्या दीड इंची स्क्रूंचा उरलेला डबा दादाला. माझ्या तिरडीला त्याने हात लावू नये. त्याने बांधलेलं सुटतं.

कलम ५. वरचं सगळं मी मेल्यावर. हे मात्र आत्ता, पत्र पोचेल त्या रविवारी. हॉस्पिटलात आलेल्या सगळ्या पाहुण्यांना तेजस्वीने घरी बोलवावं. स्वयंपाकघरात उभं करावं, हॉलमध्ये नाही. फिटरने सगळ्यांसमोर कपाट उतरवावं. मागे भोकांच्या रांगा दिसतील. पाहुण्यांपैकी कोणीही चार इंची स्क्रू घ्यावा आणि घालून बघावा. खालच्या माझ्या भोकांत तो मुंडीपर्यंत जाईल. दादाच्या भोकांत तिसऱ्या हिश्श्यावर अडेल. मग माझ्याच भोकांवर कपाट परत लावायचं, नवं एकही पाडायचं नाही. आईने उजवा हात वर करून बरणी काढून दाखवावी. वरची भोकं बुजवायची नाहीत. ती कपाटामागे राहतील, आणि ती आहेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असेल.

रायन वाचून म्हणाला, "अरे वेड्या, हे मृत्युपत्र हाय का पोलीस कंप्लेंट?" मी म्हटलं, सही कर.

साक्षीदार: रायन तुस्कानो, भुईगाव (सही)
विलास, खोली नंबर चौदा (सही)
लिहून देणार: प्रितेश रामनाथ घरत (सही, आणि अंगठा पण, म्हणजे दादा सही माझी नाही म्हणणार नाही)
सोहार, ९ फेब्रुवारी २०२५

ता. क. तेजू, फिटरची मजुरी आणि पंचवीस माणसांचा चहा-वडा मिळून पाठवतोय. दादाला दोन वडे जास्त दे, त्याला उभं राहून सगळं बघायचं आहे. रुपये सहा हजार दोनशे.