अध्यक्षांची आवडती कथा

३ फेब्रुवारी, सकाळ

आसिफ आला होता. बसस्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान. शिवांजलीच्या वर्गात होता. म्हणाला, काका, तिचे वाचक येणारेत मुरुमला. सोळा तारखेला, तिच्या वाढदिवशी. सोलापूरहून, कलबुर्गीहून, हैदराबादहून. प्रत्येकानं तिची एक आवडती कथा सांगायची, बस्स. हार न्हाय, फोटो न्हाय, माइक न्हाय.

मी म्हणालो, माइक नसला तरी चालेल, अध्यक्ष लागतोच. त्यानं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, मग तुमीच व्हा की. एवढा आग्रह मोडवेना.

बातमीत कोण, कुठं, कधी हे आलंच पाहिजे, म्हणून नोंद: शिवांजली माझी मुलगी. गेल्या श्रावणात हैदराबादला डेंग्यूनं गेली. इंटरनेटवर चित्रकथा काढायची. त्याला वेबकॉमिक म्हणतात. तिच्या कामाला लोक 'प्रायोगिक' म्हणत. संस्कृत पाठशाळेत आम्हाला ज्या ग्रंथाचा अर्थ लागत नसे त्याला आम्ही 'गहन' म्हणायचो, त्यातलाच प्रकार.

संकल्प: सोळाच्या आत तिच्या सगळ्या कथा वाचायच्या. क्रमानं, टिपणं काढत. अवघड नाही. तसा मी तिचा पहिला वाचकच. कथा टाकली की ती आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवायची, आणि मी अंगठा पाठवायचो. एकही लिंक अंगठ्याविना गेली नाही. इतकं प्रोत्साहन किती बाप देतात?

वाचायच्या मात्र राहिल्या. बातम्यांचा व्याप.

५ फेब्रुवारी

सुरुवात केली नाही. अक्षरं पुसट दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार. उमरग्याला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, नंबर तोच आहे, डोळे उत्तम आहेत. नवीन पोरगा आहे, अनुभव कमी.

बायकोनं, राजेश्वरीनं विचारलं, मग आता वाचताल? म्हणालो, डोळ्यांना विश्रांती द्यावी लागते तपासणीनंतर.

७ फेब्रुवारी

दोष माझ्यात नाही, फोनमध्ये आहे. वीतभर काचेत साहित्य मावत नाही. आसिफला सांगितलं, सगळ्या कथा कागदावर छापून दे. बांधून घेऊ, हातात ग्रंथ पाहिजे. तो म्हणाला, काका, ते कागदाचं न्हाय वो. बोटानं सरकवत वाचायचं असतंय. मी म्हणालो, भूर्जपत्रावरचंही एकदा कागदावर आलंच ना. त्यावर तो पानं किती होतील ते मोजायला लागला. मुद्दा पटला असणार.

९ फेब्रुवारी, दुपार

गठ्ठा आला. वरची कथा 'बोअर'. पहिल्या पानावर शेत, बोअर पाडायचं मशीन, भोवती माणसं. दुसरं पान काळं. तिसरं काळं. चौथं काळं, कोपऱ्यात एक खडा. तसाच सगळा गठ्ठा. काळं, काळं, करडं, काळं. मधेच आसिफची चिठ्ठी: काका, टोनर संपला. खालचं छापायचं राहिलं.

म्हणजे दोष कलाकृतीतच आहे. कागदावर आणल्यामुळं उघडा पडला. रंगाचा हात आखडता घे, हे मी तिला लहानपणीच सांगितलं होतं.

राजेश्वरीनं काळी पानं घडी घालून कपाटात शिवांजलीच्या कपड्यांवर ठेवली. म्हणालो, रद्दी आहे ती. तिनं कपाट लावून घेतलं.

११ फेब्रुवारी

नवा विचार. अध्यक्षानं सगळं वाचलेलं असावं, असा नियम कुठं आहे? अध्यक्षानं भूमिका मांडायची असते. भाषण लिहायला घेतलं: 'वेबकॉमिकमधील रसविचार'. हात चांगला चालला. शृंगारापासून निघालो, वीर, अद्भुत, हास्य, एकेकाची व्यवस्था लावली. करुण रसाशी जरा थांबलो. तो पुढं घेऊ.

संध्याकाळपर्यंत प्रस्तावना झाली. शिवांजली अजून आली नाही.

१२ फेब्रुवारी

राजेश्वरीला भाषण वाचून दाखवलं. ती गवार निवडत होती. शेवटी म्हणाली, लई चांगलंय, पण पोरगी कुठाय ह्यात? म्हणालो, शेवटच्या पानावर येते. ती म्हणाली, तुम्ही एक तरी वाचलीय का हो? म्हणालो, वाचणं आणि आकलन यात फरक असतो. ती म्हणाली, तेच विचारतेय मी.

रोज संध्याकाळी शिवांजली हैदराबादहून हिला फोनवर कथा दाखवायची, हे मला माहीत आहे. मी बाहेरच्या खोलीत बातम्या लिहीत असायचो. दोघींचं हसणं ऐकू यायचं. लिहिताना आवाजाचा त्रास होतो म्हणून मी दार लोटून घ्यायचो. त्या काळातल्या माझ्या बातम्या स्वच्छ आहेत, एकही चूक नाही.

१४ फेब्रुवारी

आसिफनं मला वाचकांच्या ग्रुपात घेतलं. रिवाजाप्रमाणं सर्वांना संस्कृतातून शुभेच्छा पाठवल्या. स्वतः रचल्या होत्या, सकाळ गेली त्यात. उत्तरादाखल एकाचा अंगठा आला. बस्स, अंगठा.

राग आला. मजकूर उघडून पाहिला की नाही, यातलं अंगठ्यावरून काही कळत नाही. दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? या पिढीला समोरच्याच्या कष्टाची किंमत नाही.

१६ फेब्रुवारी, दुपारी तीन

कार्यक्रम पाचला. तालुक्याचं पान चारला लागतं. म्हणून धाराशिवच्या कचेरीत बातमी आताच पाठवून दिली. यात काही गैर नाही. आम्ही सगळेच वार्ताहर असं करतो. सत्कार होणार तो होतोच, मान्यवर बोलणार ते बोलतातच. उद्या छापून येईल ती बातमी अशी:

'अध्यक्षीय समारोपात ज्येष्ठ पत्रकार उमाशंकर यांनी आपल्या दिवंगत कन्येची एक आवडती कथा ओघवत्या शैलीत सांगितली, तेव्हा उपस्थितांच्या डोळ्यांच्या कडा पाणावल्या.'

वाचून समाधान वाटलं. आता कथा तेवढी ठरवायची. दोन तास आहेत.

१७ फेब्रुवारी, सकाळ

काल झालं ते क्रमानं.

मठाच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती. सगळे गोल बसले. मी आधीच सांगून ठेवल्यामुळं अध्यक्षांसाठी खुर्ची होती, तिच्यावर मी बसलो. त्यामुळं मला सर्वांच्या माथ्यावरचे भांग नीट दिसत होते.

आधी आसिफ. त्यानं सोनारीच्या कालभैरवाच्या दारातल्या चपलांची कथा सांगितली. कथेत माणूस नाही, नुसत्या चपला. मालक दर्शनाला आत, आणि ह्या बाहेर एकमेकींची उणीदुणी काढताहेत. तू कुठून गं? भूमहून. टाच किती झिजलीय गं बाई तुझी! मालकीण चढावरची हाय ना. अंधार पडतो, एकेक जोड निघून जातो. एकच उरतो. रोज नव्या चपला येतात, रोज तो त्यांना म्हणतो, आमचं माणूस येईलच, रांग मोठी आहे आज. आसिफ हसत सांगत होता, पण मधेच उठून, पंखा लावतो म्हणून गेला. पंखा चालूच होता.

मग महालिंगप्पा. आमच्या गल्लीतला तूरडाळीचा व्यापारी. त्याला पंचांगापलीकडं वाचताना मी पाहिलेलं नाही. हा तिचा वाचक! त्यानं 'बोअर' सांगितली. म्हणाला, सर, म्या सरकवतोय, सरकवतोय, नुसता काळा दगड. बोट दुखलं बघा. म्हटलं, ह्या पोरीनं फसीवलं आपल्याला. सोडणार होतो. आमच्या शेतात बी असंच झालतं ना. आणि एकदम तळाला एक बाई बसलीय घागर घेऊन. घागर कोरडी. वर बघून म्हणती, आलात? बसा, च्या ठेवते.

सगळे हसले. राजेश्वरीचा नंबर आला तर ती म्हणाली, माझी बी हीच. ती बाई मीच हाय. पदर बघा ना, माझ्यासारखाच खोचलाय.

माझ्या गठ्ठ्यात ती बाई नव्हती. टोनर वरच संपला होता.

मग मिनाज. उमरग्याची पोरगी, हैदराबादला नर्स. शिवांजली नि ती एका खोलीत राहायच्या. ती आधी राजेश्वरीकडं बघून म्हणाली, मावशी, शेवटची सांगू का? राजेश्वरी म्हणाली, सांग बाळा. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. खुर्ची जरा बाजूला होती.

कथेचं नाव 'अंगठा'. एक मुलगी शहरात राहते. रोज एक चित्र काढून खिडकीतून घरी सोडते. गावाकडून उत्तर येतं: एक अंगठा. माणूस नाही, हात नाही, नुसता उभा अंगठा. ती तो खिडकीत ठेवते. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो. खोलीभर होतात. ती टाकून देत नाही, कामाला लावते. एक खाटेच्या लंगड्या पायाखाली, एकावर ओढणी अडकवते, एक दाराला, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. मैत्रिणी चेष्टा करतात. ती म्हणते, आमच्या अप्पांचे आहेत, टिकाऊ असतात. मग तिला ताप येतो. तेव्हा सगळे अंगठे उठतात. पाय चेपतात, कपाळावर ओली घडी धरतात, पेल्यातलं पाणी ढकलत ढकलत तिच्यापर्यंत आणतात. शेवटी सगळे दाराकडं तोंड करून ओळीनं उभे राहतात. त्याखाली एक रिकामी चौकट.

मिनाज म्हणाली, मी तिला बोलले, पागल, ये अधुरा हाय. तर ती बोलली, राहू दे, बघू कोण येतंय. दवाखान्यातूनच टाकली तिनं, सलाइन हाताला असताना.

 एका विशिष्ट प्रकारच्या माणसांवरचं मार्मिक चित्रण आहे, असं मत मी मनात नोंदवलं.

मग आसिफ म्हणाला, काका, आता तुमची.

उभा राहिलो. भाषण हातात होतं. प्रस्तावना मोठी होती, शिवांजली शेवटच्या पानावर. तिथपर्यंत पोचता आलं नाही. अक्षरं परत पुसट झाली. तुरीच्या राशींचे दिवस, हवेत धूळ फार. महालिंगप्पानं पाणी दिलं, म्हणाला, बसा सर, बसा. खुर्ची मागं सरकली होती. सतरंजीवरच बसलो.

१७ फेब्रुवारी, दुपार

पेपर आला. बातमी जशीच्या तशी. ओघवती शैली. पाणावलेल्या कडा.

आसिफनं बिचाऱ्यानं अभिमानानं कात्रण ग्रुपवर टाकलं. मिनाजनं विचारलं, काका, आम्ही निघाल्यावर सांगितली का? मला बस होती. कुठली सांगितली? आम्हाला पण ऐकायचीय, आवाजात पाठवा ना. खाली बाकीच्यांचंही तेच: हो काका, पाठवा. त्यात कुचेष्टा कुठंच नाही. तीन वेळा वाचून पाहिलं. असती तर उत्तर देता आलं असतं.

राजेश्वरीनं बातमी मोठ्यानं वाचली. मग विचारलं, कुठली सांगितली हो? आणि 'डोळ्यांच्या कडा' या छापील शब्दांवर बोट ठेवलं.

१८ फेब्रुवारी

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बातमीचा खुलासा लिहिला. 'सदर कार्यक्रमात उमाशंकर यांनी कोणतीही कथा सांगितली नाही. त्यांना एकही कथा माहीत नव्हती.' धाराशिवला फोन लावला. उपसंपादक हसायलाच लागला. म्हणाला, सर, न झालेल्या भाषणाचे खुलासे छापत बसलो तर तालुक्यातली निम्मी भाषणं परत घ्यावी लागतील. मग आवाज उतरवून म्हणाला, जाऊ द्या सर. कुणाचं नुकसान झालं नाही त्यात.

खुलासा परत घडी घालून खिशात ठेवला.

१९ फेब्रुवारी, सकाळी दहा

आता मात्र पहिल्यापासून, क्रमानं. पहिली लिंक शोधायला तिचं नाव उघडून वर वर सरकवत गेलो. लिंक, अंगठा. लिंक, अंगठा. मधे एकदा तिनं लिहिलंय: अप्पा, उघडून बघितली का? खाली अंगठा. आणखी एकदा: अप्पा, ही तुम्हाला आवडेल, ह्यात पाठशाळा आहे. अंगठा. बोट दुखलं. पार वरच्या टोकाला घागर घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.

मग उलट शेवटाला आलो. तिथं एक लिंक आहे, तिच्याखाली काहीच नाही. तीन तारखेला लिहिलंय ते खोटं, एक राहिली. त्या दिवशी उमरग्याला रस्त्याचं उद्घाटन होतं. रेंज नव्हती.

खुलासा: रेंज होती. बातमी तिथूनच पाठवली होती.

उघडली. मिनाजनं सांगितलं ते सगळं आहे, पण एक तिनं सांगितलं नाही, किंवा तिला ते कळलं नसेल. प्रत्येक अंगठ्याच्या नखावर शाईचा डाग आहे. माझं पेन गळतं. लहानपणी ती माझा अंगठा धरून तो डाग थुंकीनं पुसायला बघायची.

सरकवत खाली आलो. ओळीनं उभे अंगठे. रिकामी चौकट.

१९ फेब्रुवारी, दुपारी एक

तिला उत्तर लिहायला बसलो. आधी संस्कृतातून, ते पुसलं. मग 'कथा उत्तम साधली आहे' असं लिहिलं. परीक्षकासारखं वाटलं, पुसलं. मग 'वाचली'. मग 'बाळा'. त्याच्यापुढं काय लिहायचं ते सुचेना, तेही पुसलं. राजेश्वरी दोनदा दारात येऊन गेली. जेवायचं म्हणाली नाही.

शेवटी अंगठा पाठवला.

एकच टिक आली आहे. रेंज नसेल.