घमेल्याच्या मापाची रिंग

११ सप्टेंबर
आज पुन्हा बास्केटबॉलची प्रॅक्टिस. बाबांना जाऊन महिना झाला. आईनंच ढकललं — "जाय बाई. घरी बसून काय करतं?" गेले. पळाले. घाम आला. बाकी काही नाही.

शाळेच्या ग्राउंडवर रिंग एकच, टाकीकडच्या खांबाला. बाबांनीच आपल्या वेल्डिंगच्या दुकानात सळई घमेल्यावर वाकवून केलेली. अरुंद! बॉल कडेवर आदळतो आणि बाहेर. समोरचा खांब दोन वर्षं मोकळाच. विचारलं की, "करतो ना." आता कोण करणार?

१२ सप्टेंबर
शेजारच्या सोजरबाई आईच्या कानाशी लागल्या होत्या — "पोरीले रडव वं. आत ठेवणं बरं नाही." मला ऐकू येत होतं. एकदाही रडले नाही, हे खरं. येतच नाही. माझं काही बिघडलंय का?

आई मोठी परात शोधते आहे. तेराव्याच्या गर्दीत कोणीतरी नेली म्हणते.

१४ सप्टेंबर
जेवताना मी बाबांना गेम समजावायचे. आज जेवताना आठवलं. पिव्होट — बॉल हातात धरून थांबलं की एक पाय खिळल्यासारखा जागेवर, दुसरा हवा तिकडे फिरवा. खिळलेला पाय सरकवला की ट्रॅव्हल, बॉल समोरच्यांना! डबल ड्रिबल — टप्पे थांबवून बॉल एकदा धरला की पुन्हा टप्पे नाहीत. पास द्या नाहीतर शॉट मारा. लेअप — दोन पावलं, उडी, बॉल फळीला हलकेच लावून आत. वाटी घेऊन उठून दाखवायचे. बाबा भाकर मोडत नुसतं "हं."
"खरी रिंग घमेल्याएवढी नसते हो, आपल्या परातीएवढी असते!"
"हं."
आई हसायची — "त्याइले काय समजते त्यातलं!"

आता कोणाला सांगू? वहीला सांगते. वही तर "हं"ही म्हणत नाही.

१५ सप्टेंबर
प्रॅक्टिस. जेवण. झोप.

१९ सप्टेंबर
वाशीमला जिल्ह्याची मॅच. तिथल्या रिंग रुंद. मी मारलेला जवळपास प्रत्येक शॉट आत! मुली मिठ्या मारत होत्या. मी हसले, म्हणजे तोंड हसलं.

हाफटाइमनंतर बाजू बदलतात. माहीत आहे, पाठ आहे. पण आमच्याकडे रिंग एकच, त्यामुळे जन्मभर एकाच दिशेला पळालोय. शेवटी शेवटी रिबाउंड माझ्या हातात आला — म्हणजे कोणाचा तरी चुकलेला शॉट रिंगवरून उडालेला. समोर कोणीच नाही. दोन पावलं, उडी, सुरेख लेअप. आमच्याच बास्केटमध्ये! दोन पॉइंट त्यांना. एका पॉइंटनं हरलो.

आमचे कोच रतनसिंग सर रागावले नाहीत. "होते असं पोरी. आपल्या इथं दुसरी बाजूच नाही, तुले तरी कशी सवय राहीन?"

परत येताना जीपमध्ये सगळ्या रडत होत्या. मी शेलूबाजार येईपर्यंत बाहेरचं सोयाबीन बघत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्यामुळे हरलो, तरी नाही वाटलं.

२१ सप्टेंबर
सर घरी आले होते. दुसरी रिंग हवीच म्हणाले. माझा भाऊ ऋषीदादा बाबांनंतर पहिल्यांदाच दुकान उघडणार. मला विचारतो, "माप काय घेऊ?"
परातच नाही घरात. कशावर दाखवू?

२२ सप्टेंबर
दादा दुकानातून आला. हातात आईची परात! "पत्र्याइच्या मागं होती. अन् हे तिच्यावर चढवून ठेवलेली."

रिंग. परातीच्या मापाची. जाळी अडकवायला खाली हुकसुद्धा लावलेले. नुसता रंग राहिला होता.

बाबा ऐकत होते! जेवताना, सगळं.

रडू थांबत नाहीये.